वळणापर्यंतचा रस्ता

टिल्बरी, ४ सप्टेंबर १८४३

असाहेल बाळा,

आधी एकेकाची खुशाली विचारून घेते, मग बाकीचं. तुझा गुडघा कसा आहे? कुंपणाचा दगड त्यावर पडला होता, तो थंडीत ठणकणारच. लोकरीची पट्टी बांधत जा, लाजू नकोस. लोइस सूनबाईचा खोकला गेला का? तिला म्हणावं, कांद्याचा रस मधातून घे, आणि तोंड वाकडं केलंस तरी घे. क्लोव्हर गाय व्याली का? पांढऱ्या कोंबड्या कोल्ह्याच्या तावडीतून किती वाचल्या? आणि तुमचे ते शेजारी ईनॉक टिल्सन, ज्यांनी कोठाराचे वासे चढवताना आपले बैल दिले, ते ठीक ना? त्यांच्या बायकोची, जेरुशाची दाढ दुखत होती, ती काढली की अजून गाल धरून बसली आहे?

मी बरी आहे. बोटं सकाळी आखडतात, पण गरम पाण्यात बुडवली की चालू लागतात. दिवसाला एक गवती टोपी विणून होते. सदुसष्टाव्या वर्षी आणखी काय हवं?

गेल्या आठवड्यात पाद्रीबुवा येऊन गेले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "केझायाबाई, बारा वर्षं झाली. अजून राग गेला नाही?"

मी म्हटलं, "बुवा, फिलिस अजून चर्चच्या माळ्यावरच्या बाकावरच बसते ना? मग माझा राग जाणार कुठे?"

"अहो, पण ती स्वतः कुरकुर करत नाही."

"तिची कुरकुर ऐकायला माळा चढावा लागतो. तुमचे गुडघे दुखतात."

हसले बिचारे. माणूस वाईट नाही. पण त्या रविवारी धुणेवाल्या फिलिसची कातडी काळी म्हणून तिला चर्चमधल्या खालच्या बाकावरून उठवलं, तशी मीही उठले, ती उठलेच. तेव्हापासून मी कुणाच्या कळपात नाही. बारा हिवाळे माझे मी काढले, कुणापुढे हात पसरला नाही. हे तुला ठाऊकच आहे.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहितोस, गावाशी संबंध तोडणारा कागद लिहून द्यायचा विचार आहे. बाळा, मी तुला काय सांगणार? तू एकोणीस वर्षांचा असताना मीच तुला त्या व्याख्यानाला नेलं होतं. बोस्टनकडचे ते उंच गृहस्थ काय म्हणाले ते माझ्या वहीत अजून आहे: ज्याला स्वतःच्या दाराची कडी काढायला शेजाऱ्याची परवानगी लागते, त्याला घर नाही, कोठडी आहे. घरी येताना तू सगळी वाट तेच वाक्य पुटपुटत होतास. मी मनात म्हटलं, पोरात काहीतरी पेटलं.

तर तुझ्या मनाला पटत असेल तर दे कागद. लोक काय म्हणतील याचा विचार करायला लोक आहेतच.

लोइसला माझी पापी. तिच्या हातची वीण अजून माझ्याहून बारीक आहे, हे तिला सांगू नकोस, शेफारेल.

तुझी,
केझाया मावशी


नॉर्थ हेरिक, १ ऑक्टोबर १८४३

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं आणि त्याच दिवशी मी कागद दिला. गुडघा बरा आहे. क्लोव्हरला कालवड झाली. कोंबड्या सात उरल्या.

घडलं ते सविस्तर लिहितो. गुलामगिरीविरुद्ध बोलायला एक वक्ता येणार होता. त्याला सभाघर द्यावं की नाही यावर गावसभेत हात वर झाले. मी धरून चार हात बाजूने. बाकीचे म्हणाले, उगाच भांडण नको, गावाची शांतता बिघडेल. मावशी, दूर दक्षिणेत माणसं बाजारात उभी करून विकली जातात आणि इथे यांना शांतता हवी! त्या क्षणी मला कळलं की या लोकांबरोबर माझं काहीही सामाईक नाही.

पुढच्या सभेत मी कागद वाचला. त्यात एवढंच आहे: हे गाव जे एकत्र मिळून करतं, त्यात मी नाही. गावाच्या रस्त्यावर मी श्रमाचे दिवस भरणार नाही. त्या रस्त्यावरून चालणार नाही. आणि त्याचा फाटा माझ्या दारापर्यंत कुणी दुरुस्त करू नये, हिवाळ्यात बर्फ फोडून मोकळाही करू नये. जे मी देत नाही ते मी घेणार नाही.

ईनॉक टिल्सन या वर्षी रस्त्याचे मुकादम आहेत, ते मागून म्हणाले, "मग गिरणीत कसा जाशील, उडत?"

मी म्हटलं, "शेतांतून जाईन. ज्यांची शेतं, त्यांना विचारून."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर वळसा घालीन."

"जा बाबा जा, माझ्या शेतातून जा," ते म्हणाले, "पण सलगमं तुडवू नकोस." सगळे हसले. मी हसलो नाही. पण गावाच्या पंचांनी कागदावर शिक्का मारला, वहीत नोंदला, आणि घरी जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. इथल्या माणसांचं हे एक चांगलं आहे, लिहून दिलेला शब्द ते शब्दाला शब्द पाळतात.

आता मी दगडी कुंपणांवरून चढून गिरणीत जातो. पोरं ओरडतात, "असाहेलकाका, आज हवेतून की जमिनीखालून?" मला त्याचं काही वाटत नाही. उलट, मावशी, रोज सकाळी दार उघडून बाहेर पडताना मला वाटतं की जगात पहिल्यांदा माझे पाय माझे आहेत. फाट्यावर गवत उगवायला लागलं आहे. ते पाहून मला आनंद होतो.

हे सगळं तुझ्यामुळे. तू त्या रविवारी उठली नसतीस, तर मला उठता येतं हे कळलंच नसतं.

तुझा,
असाहेल

(खाली लोइसच्या अक्षरात)

मावशी, माझा खोकला गेला. कांदा घेतला, तोंड वाकडं करून घेतला. अलीकडे जेवण जात नाही, पण ते होईल ठीक. इथे आता फार शांत आहे. फाट्याला गवत आलं तसं कुणी येत नाही, दिवसच्या दिवस फक्त क्लोव्हरच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. तुमच्याकडे विणायला बसायचो तेव्हा किती बडबड असायची, नाही? लो.


नॉर्थ हेरिक, ३ डिसेंबर १८४३

प्रिय मावशी,

हे पत्र असाहेलला न सांगता लिहिते आहे. जेरुशाकाकू चीज न्यायला म्हणून आल्या आहेत, खरं तर मला बघायला आल्या, त्यांच्याबरोबर देते.

मावशी, मला दिवस गेले आहेत. जेरुशाकाकूंचा हिशोब फेब्रुवारीच्या शेवटाचा आहे. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण मागच्या दोन्ही खेपांना सांगितलं आणि मग काहीच उरलं नाही. या खेपेला सांगायला भीती वाटत होती. अजून वाटते.

असाहेलला आनंद झाला आहे. त्याने पाळणा केला आहे, एकही खिळा न मारता, सगळ्या लाकडी खुंट्याच. फार सुंदर आहे. तो माझ्याशी खूप चांगला वागतो, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही त्याच्यावर चिडणार नाही.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी ईनॉककाका बैलांच्या चार जोड्या आणि ओंडक्यांची घसरगाडी घेऊन नेहमीसारखे रस्ता फोडायला वर आले होते. असाहेल बाहेर गेला, फाट्यात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, कागद."

काका म्हणाले, "अरे, कागद बर्फाआधीचा. आता हिवाळा आहे."

"कागदात हिवाळा लिहिला आहे."

काकांनी घराकडे पाहिलं. मी खिडकीत होते. मग ते म्हणाले, "पोरी, तुझं काय म्हणणं?"

मावशी, मी काय बोलणार होते? नवरा रस्त्यात उभा, आठ बैल वाफा सोडत उभे, गावातली सहा माणसं पाहत आहेत. मी मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, मला स्वतःलाही सांगता यायचं नाही. काकांनी बैल वळवले. दुसऱ्या वेळी वळणापर्यंत येऊन थांबले. तिसऱ्या वेळी थांबलेही नाहीत.

मी असाहेलला म्हटलं, की सुईणीला कसं आणायचं? तो म्हणाला, मी स्वतः शेतांतून जाऊन आणीन, पाठीवर बसवून आणीन. मी म्हटलं, सुईणबाई दोन मणांच्या आहेत. तो हसला, मीही हसले. पण शेतांत आता कुंपणं दिसत नाहीत, इतका बर्फ आहे.

मावशी, तुम्ही त्याला एक ओळ लिहा. तुमच्या शब्दाबाहेर तो जाणार नाही. फक्त एवढंच लिहा, की मूल होईपर्यंत रस्ता फोडू दे, मग पुन्हा कागद लागू कर. माझं ऐकून त्याने तसं केलं तर त्याला वाटेल की बायकोमुळे तो वाकला. तुमचं ऐकून केलं तर वाटेल की विचार करून केलं.

मी बरी आहे. पाय सुजतात थोडे.

तुमची,
लोइस


टिल्बरी, १६ डिसेंबर १८४३

लोइस, माझ्या पोरी,

तू आणि तुझ्या पोटातलं, दोघांची आधी विचारपूस करते. पाय उशीवर ठेवून झोप. मीठ लावलेलं डुकराचं मांस सध्या सोड. वाळवलेली सफरचंदं शिजवून खा. पाणी तू खेचू नकोस, असाहेलला खेचू दे.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि मग जुनी पत्रं काढून पुन्हा वाचली. वेडे, ऑक्टोबरात तू लिहिलंस की इथे फार शांत आहे, तेव्हा मी मनात म्हटलं, पोर सुखात आहे! इतकी वर्षं अक्षरं वाचते, पण तुझं एक वाक्य वाचता आलं नाही.

तू मागितलेली ओळ लिहायला मी तीनदा बसले. तीनदा कागद चुलीत टाकला. का, ते ऐक.

मी त्याला त्याच्या आईमागे वाढवलं तेव्हा स्वतःशी एक ठरवलं होतं, की याच्या मनाचा लगाम मी कधी हातात घेणार नाही. माझा लगाम आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात होता. आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग पाद्रीबुवांच्या. तो सुटायला मला पंचावन्न वर्षं लागली. आता मीच पत्र टाकून त्याला वळवू? आज रस्त्यासाठी वळवीन, उद्या दुसऱ्या कशासाठी. मग तो माझ्या मनाने चालेल, त्याच्या नाही. त्याने इतक्या कष्टाने जे उभं केलं ते माझ्या एका ओळीने कोसळेल आणि ते त्याला कधी विसरता येणार नाही.

पण तुला सांगते. तुलाही मन आहे, लोइस. तो कागद असाहेलने लिहिला, तू नाही. त्यावर तुझी सही नाही. तुझे पाय तुझे आहेत. तुला वाटलं की टिल्सनांकडे जाऊन राहावं, तर उठ आणि जा. कुणाला विचारू नकोस, त्यालाही नाही आणि मलाही नाही. खिडकीत उभी राहून मान हलवू नकोस. माझ्याकडे विणायला बसायचीस तेव्हा वीण चुकली तर तू स्वतःच उसवायचीस, मला दाखवायचीही नाहीस. तशी वाग.

तू शहाणी आहेस आणि घट्ट आहेस. फेब्रुवारीला अजून वेळ आहे.

बाळासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली आहे. गवताची नाही, घाबरू नकोस.

तुझी,
केझाया


नॉर्थ हेरिक, २९ जानेवारी १८४४

श्रीमती केझाया थॅक्स्टर यांना,

बाई, मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मी ईनॉक टिल्सन, असाहेल प्राउटीचा खालचा शेजारी. मला लिहायची सवय नाही, जेरुशा शेजारी बसून सांगते आहे. वाईट बातमी आहे. बसून वाचा.

तुमची लोइस गेली. या महिन्याच्या एकोणिसाव्या तारखेला. मूल आहे. मुलगी आहे. ती माझ्या घरी आहे आणि दूध पिते.

घडलं असं. सोळा तारखेपासून दोन दिवस बर्फ पडत होता. अठराला सकाळी थांबला. मी माणसं आणि बैल घेऊन रस्ता फोडायला निघालो. वळणाशी आलो तेव्हा पुढची जोडी आपोआप प्राउटीच्या फाट्याला लागली. बाई, बैलांना ते वळण दहा वर्षांचं पाठ आहे, कारण त्या घरात आधी माझा भाऊ राहायचा. मी त्यांना हाक मारून मागे वळवलं. काळ्या बैलाने दोनदा मान तिकडे फिरवली. मी त्याला काठी मारली. हे मी तुम्हाला लिहितो, कारण कुणाला तरी लिहायला हवं.

असाहेल त्या वेळी घरी नव्हता. पीठ संपलं होतं म्हणून पहाट उजाडल्यावर शेतांतून गिरणीत गेला होता. लोइसला कळा सुरू झाल्या, पाच आठवडे आधी. तिने त्याची वाट पाहिली नाही. शाल घेतली आणि फाट्याने खाली निघाली, एकटी, कमरेइतक्या बर्फातून. आमच्या सुनेला दुपारी खिडकीतून लाल शाल दिसली. मी धावलो. ती वळणापासून चाळीस पावलांवर बसली होती. मी नंतर मोजली. चाळीस पावलांवर फोडलेला रस्ता होता.

ती शुद्धीत होती. मला म्हणाली, "काका, मी माझी आले हं. त्याने पाठवलं नाही आणि अडवलंही नाही."

मी म्हटलं, "बोलू नकोस पोरी."

म्हणाली, "नाही, हे लिहून ठेवा. तुम्ही सगळं लिहून ठेवता ना."

मुलगी आमच्या स्वयंपाकघरात झाली. लोइसचं अंग मात्र परत गरम झालं नाही. असाहेल संध्याकाळच्या आधी आला, तेवढ्या एका वेळी रस्ता ओलांडून, आणि तिच्याजवळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिच्या एप्रनच्या खिशात तुमचं पत्र होतं. भिजलं होतं पण वाचता येत होतं. जेरुशाने वाळवून असाहेलला दिलं.

जमीन लोखंडासारखी गोठली आहे, एप्रिलशिवाय खणता येणार नाही. मी म्हटलं, शवपेटी गावच्या दगडी कोठीत ठेवू, सगळ्यांच्या ठेवतात तशी. तो नाही म्हणाला. त्याच्याच कोठारात ठेवायची. बरं. मग म्हणाला, रस्त्याने न्यायची नाही. आम्ही चौघांनी ती पेटी शेतांतून वर नेली, तीन कुंपणांवरून उचलून. माझ्या आयुष्यात मी इतकं जड काही उचललेलं नाही आणि पोरीचं वजन काहीच नव्हतं.

आता तो रोज खाली येतो. आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कुंपणाशी उभा राहतो. अर्धा तास, कधी जास्त. रस्ता ओलांडत नाही. मी एकदा मुलीला पांघरुणात गुंडाळून दारात घेऊन उभा राहिलो. तो बघत राहिला आणि निघून गेला. मी ओरडून म्हटलं, "अरे गाढवा, सात पावलांचा तर रस्ता!" त्याने मागे पाहिलं नाही.

मी गावसभेत सांगितलं की तो कागद मी फाडतो. पंच म्हणाले, ज्याने दिला तोच मागे घेऊ शकतो. तेही बरोबरच आहे. आमच्याकडे सगळं बरोबर असतं, बाई.

आमच्या सुनेच्या अंगावर तिचं स्वतःचं मूल आहे, ती दोघांना पाजते. मुलीला अजून नाव नाही.

ईनॉक टिल्सन


नॉर्थ हेरिक, ११ फेब्रुवारी १८४४

मावशी,

तुझी तीन पत्रं मिळाली.

लोइसला लिहिलेलं तुझं पत्र माझ्याकडे आहे. त्यात तू लिहिलं आहेस, तुझे पाय तुझे आहेत. तिने ते अक्षरशः घेतलं. मी तुला दोष देत नाही. मी ज्याप्रमाणे जगायचं म्हणतो त्याप्रमाणे या घरात एकटीच वागली, ती ती. मी तर गिरणीत होतो.

तिने तुला ओळ मागितली होती हेही मला त्या पत्रावरूनच कळलं. मला नाही मागितली. हे मी दिवसातून अनेकदा स्वतःला सांगतो.

टिल्सन म्हणतात, कागद मागे घे. इथले पाद्री येऊन तेच बोलून गेले. कसा घेऊ? आज मागे घेतला तर याचा अर्थ तो डिसेंबरमध्येही मागे घेता येत होता. मग ती कशासाठी गेली? तो कागद खरा असेल तरच तिच्या जाण्याला काही अर्थ आहे. म्हणून तो राहील.

मी मुलीला पाहायला पुन्हा गेलेलो नाही. टिल्सनांचं घर रस्त्याच्या पलीकडे आहे.

क्लोव्हर आटली.

असाहेल


टिल्बरी, २० फेब्रुवारी १८४४

असाहेल, माझ्या बाळा,

एकेकाची खुशाली विचारून पत्र सुरू करायची माझी सवय आहे. आज कुणाची विचारू? क्लोव्हर आटली, हे तू लिहिलंस. कोंबड्यांना दाणे घालतोस ना? गुडघा कसा आहे, रोज कुंपणाशी बर्फात उभा राहतोस तो? जेवतोस का? मुलगी कशी आहे हे तुला विचारत नाही, कारण ते तुला ठाऊक नाही. ते मला ईनॉककडून कळतं. काल त्याचं दुसरं पत्र आलं. ती बोट धरते. घट्ट धरते म्हणे.

तू मला दोष देत नाहीस. दिला असतास तर बरं झालं असतं. ते पत्र मलाही तोंडपाठ आहे. मी लिहिलं होतं, की फेब्रुवारीला अजून वेळ आहे.

आता मी तुला एक गोष्ट सांगते, जी बारा वर्षं सांगितली नाही.

मी तुला नेहमी लिहीत आले, की चर्च सोडल्यापासून माझे हिवाळे माझे मी काढले. खोटं आहे. पहिल्याच नोव्हेंबरात एका सकाळी मागच्या दाराशी फोडलेल्या लाकडांची रास दिसली. कुणी टाकली ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आभार मानावे लागले असते, आणि आभार मानले असते तर मी एकटी आहे असं म्हणता आलं नसतं. दर नोव्हेंबरात लाकडं येत राहिली. मी ती जाळत राहिले आणि ऊब घेत तुला पत्रं लिहीत राहिले, की मी कुणाच्या कळपात नाही. ती पत्रं वाचून तुझं मन घडलं. तुझ्या हातात मी अर्धीच गोष्ट दिली, पोरा. लाकडांची अर्धी मी लपवली.

गेल्या नोव्हेंबरात मी पडद्याआड उभी राहिले. पाद्रीबुवा होते. स्वतः. ढोपरं धरत, हातमोजे न घालता, ढलपे एकावर एक रचत होते. सत्तर वर्षांचा माणूस. मी दार उघडलं नाही. ईनॉकचं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि बारा वर्षांचे आभार मानले. ते म्हणाले, "केझायाबाई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." आणि मग आम्ही दोघं म्हातारे त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तुझ्या लोइससाठी रडलो. फिलिस अजून माळ्यावरच बसते आणि मी अजून चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही. ते त्यांना सांगूनच आले. पण एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या कळली. मी उठले ती फिलिसला उठवलं म्हणून. तूही कागद लिहिलास तो बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसांसाठी. तिथपर्यंत आपण दोघं बरोबर होतो. पण मग आपल्याला उठण्याचीच गोडी लागली. कुणासाठी उठलो ते मागे राहिलं. लोइस खिडकीत उभी होती आणि आपण दोघं आपापल्या मनाची निगा राखत होतो.

तू म्हणतोस, कागद मागे घेतला तर तिच्या जाण्याला अर्थ उरत नाही. बाळा, तो नाहीच आहे. तिला बर्फात कुठलाही अर्थ सापडला नाही. ती बायामाणसं असलेल्या घराकडे चालली होती, एवढंच. तिने ईनॉकला काय लिहून ठेवायला सांगितलं? त्याने पाठवलं नाही आणि अडवलंही नाही. शेवटच्या श्वासातही ती गावापुढे तुझा बचाव करत होती. तू तिला तुझ्या कागदाची साक्षीदार करू नकोस. ती तुझ्या मुलीची आई होती.

मी ठरवलं होतं, तुझा लगाम कधी हातात घेणार नाही. आज घेते. डिसेंबरात घ्यायला हवा होता. ऐक.

कागद मागे घेऊ नकोस, नको तर नको. तो शब्दाला शब्द पाळ. पण त्यातला मजकूर तू मला लिहिला होतास आणि तो मी आज पुन्हा वाचला. त्यात लिहिलं आहे, की गावाने तुझ्या दारापर्यंत रस्ता फोडू नये. तू स्वतः तुझ्या दारापासून खाली फोडू नयेस, असं त्यात कुठेही नाही. तर फावडं घे. दारापासून सुरू कर आणि वळणापर्यंत ये. ती जिथून गेली तिथूनच. चाळीस पावलं उरतील तिथे थांबावंसं वाटेल. थांब. बस तिथे हवं तेवढं. मग तीही चाळीस पावलं फोड. आणि वळणाशी आलास, की तो सात पावलांचा रस्ता आहे ना, ईनॉकच्या दारासमोरचा, त्यावर तुला चालायचं नसेल तर ईनॉक म्हणतो की तो त्यावर एक फळी टाकील. मी त्याला पत्राने विचारलं. तो म्हणाला, "बाई, फळी काय, मी स्वतः आडवा पडतो."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टपालगाडी हेरिकपर्यंत येते म्हणे. मी निघते आहे. विणलेली टोपी माझ्याजवळ आहे. पेटी एप्रिलपर्यंत कोठारात राहील तर तिच्याजवळ कुणीतरी घरातलं हवं, आणि मुलीला नाव द्यायला हवं. मला शेतांतून चढता येणार नाही. माझे गुडघे पाद्रीबुवांसारखेच झाले आहेत. तर एवढं लिही, एकच ओळ पुरे, पण लगेच लिही, मिळेल त्या टपालाने: तुझ्या दारापासून वळणापर्यंत मला चालत येता येईल का?

तुझी,
केझाया मावशी